उंदराचा एमआरआय आणि आपली प्रयोगवही



आठवीला 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' शिकवत होतो. विद्युतचुंबकाचे उपयोग सांगताना दरवर्षीप्रमाणे विद्युत घंटा, क्रेन आणि शेवटी घाईत एमआरआय असं म्हणून मी पुढे निघालो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, माझ्या आजीचा काढलाय एमआरआय, संभाजीनगरला. डॉक्टर म्हणले, नवीन औषध देऊन पाहू." आणि लगेच पुढचा प्रश्न, "सर, नवीन औषध सगळ्यात आधी कुणाला देऊन पाहतात?"

मी म्हणालो, उंदराला.

"मग त्याला गुण आला हे कसं कळतं? त्याचाबी एमआरआय काढतात का?"

वर्ग खो खो हसला. खरं सांगतो, मीही हसलो. पण उत्तर 'हो' असं आहे. उंदराचा एमआरआय काढतात, त्यासाठी वेगळं यंत्र असतं आणि ते यंत्र चालवणारी खास माणसं असतात. त्या माणसांविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने आपल्या शाळेतल्या प्रयोगवहीविषयी, आज थोडं लिहायचं आहे. प्रयोगवहीचा भाग वाचून काही मित्रांना राग येईल. येऊ द्या, त्यात पहिला गुन्हेगार मीच आहे.

आधी हे काम काय आहे ते पाहू. कर्करोगाचं औषध माणसाला देण्याआधी त्याच्या ज्या चाचण्या प्राण्यांवर होतात, त्यांना प्रीक्लिनिकल म्हणजे रुग्णापर्यंत पोचण्याआधीच्या चाचण्या म्हणतात. गाठ कातडीखाली असेल तर ती बाहेरून कॅलिपरने मोजता येते. लांबी, रुंदी घ्यायची, सूत्रात घालायची, आकारमान आलं. पण गाठ मेंदूत असेल, स्वादुपिंडात असेल, यकृतात असेल तर? पूर्वी एकच मार्ग होता. ठरावीक दिवशी काही उंदीर मारायचे आणि उघडून पाहायचे. समजा पाच वेगवेगळ्या दिवशी मोजमाप हवं आहे आणि दर वेळी आठ उंदीर लागतात, तर चाळीस उंदीर गेले. शिवाय पहिल्या दिवशीचा उंदीर आणि पाचव्या दिवशीचा उंदीर वेगळा, म्हणजे वाढ कुणाची मोजली? एमआरआयमध्ये तेच आठ उंदीर पाचही वेळा पाहता येतात. भूल देऊन आत ठेवायचं, चित्र घ्यायचं, शुद्धीवर आणायचं, पिंजऱ्यात परत. पोरांना हे गणित फळ्यावर करून दाखवा, त्यांना लगेच पटतं.

गंमत म्हणजे एमआरआयची सुरुवातच उंदराच्या मोठ्या भावापासून झाली. १९७१ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर रेमंड डमाडियन यांनी घुशीसारख्या मोठ्या उंदरांच्या, म्हणजे रॅटच्या, गाठींचे तुकडे चुंबकीय क्षेत्रात ठेवून तपासले. गाठीतल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणुकेंद्र निरोगी ऊतीतल्यांपेक्षा मूळ स्थितीत यायला जास्त वेळ घेतात, असं त्यांना दिसलं. त्यांनी तो शोधनिबंध 'सायन्स'मध्ये छापला. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी अशा संदेशांपासून चित्र कसं बनवायचं ते दाखवलं. त्यांनी सुरुवातीला ज्या जिवंत प्राण्याचं चित्र घेतलं तो होता त्यांच्या मुलीने समुद्रकिनाऱ्यावर वेचलेला एक छोटा शिंपला. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना मिळालं, डमाडियन यांना नाही. त्यांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिराती देऊन निषेध केला. दहावीच्या मुलांना हा किस्सा फार आवडतो. विज्ञानातही भांडणं असतात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता आपल्याकडचं. कर्करोग आणि उंदीर म्हटलं की मराठी माणसाला एक नाव ठाऊक असायलाच हवं : डॉ. कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक, आणि मुलीने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. (हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावं.) कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांमध्ये स्तनाचा कर्करोग कसा येतो, त्यात आनुवंशिकतेचा आणि संप्रेरकांचा वाटा किती, यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. उंदरांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी ठेवणं म्हणजे केवढी चिकाटी लागत असेल, विचार करा. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यातही त्या पुढे होत्या. १९८२ ला पद्मभूषण. आमच्या शाळेत शास्त्रज्ञांच्या तसबिरींमध्ये त्यांची तसबीर नाही. तुमच्या शाळेत आहे का, बघा.

ती संशोधन संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि आता तिचं काम खारघरला ॲक्ट्रेकमध्ये चालतं. तिथे प्रयोगासाठीच्या उंदरांचं प्राणिगृह आहे आणि जिवंत उंदराच्या अंगात गाठ कशी वाढते ते पाहणारी इमेजिंगची यंत्रंही आहेत. उंदरांसाठीचे खास एमआरआय आपल्या देशात अगदी थोड्या ठिकाणी आहेत. दिल्लीत एम्समध्ये आणि संरक्षण खात्याच्या इनमासमध्ये असं यंत्र आहे.

आता यंत्राजवळ जाऊ. दवाखान्यातला एमआरआय बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो. उंदरांचा ४.७, ७, कधी ९.४ टेस्लाचा. सात टेस्ला म्हणजे किती? आपल्या होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या एक लाखाहून जास्त पट. एवढं जोरदार चुंबक कशाला, हा प्रश्न मुलांना टाका आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्या. सिल्लोडच्या बाजारात मिरचीची गोणी ओळखायला लांबून नजर टाकली तरी पुरते. पण एका मिरचीतलं एक बी पाहायचं असेल तर? उंदीर वीस-पंचवीस ग्रॅमचा. त्याच्या चित्रातला प्रत्येक कण माणसाच्या चित्रातल्या कणापेक्षा बाजूने दहापट लहान हवा. घनाची बाजू एक दशांश झाली की घनफळ किती होतं? एक हजारांश. म्हणजे त्या कणातलं पाणी हजार पटीने कमी, म्हणून येणारा संदेशही तितकाच क्षीण. तो ऐकू यावा म्हणून चुंबक जोरदार, संदेश पकडणारी तारेची गुंडाळी उंदराच्या अगदी अंगालगत, आणि वेळही जास्त. नववीच्या घनफळाच्या धड्याला याहून चांगलं उदाहरण मला आजवर सापडलेलं नाही.

सगळ्यात अवघड भाग मात्र यंत्र नाही, उंदीर आहे. माणसाला 'दहा मिनिटं हलू नका' सांगता येतं. उंदराला भूल द्यावी लागते, बहुतेक वेळा आयसोफ्लुरेन वायूची. भूल जास्त झाली तर श्वास मंदावतो, कमी झाली तर तो जागा होतो. एवढासा जीव, भुलेत त्याचं अंग झपाट्याने गार पडतं. म्हणून खालून कोमट पाणी किंवा गरम हवा फिरवत राहायची आणि ताप ३७ अंशांच्या आसपास ठेवायचा. पोटाखाली श्वास मोजणारी छोटी हवेची उशी. दोन श्वासांच्या मधल्या स्थिर क्षणातच चित्राचा तुकडा टिपायचा, नाहीतर सगळं पुसट. आणि हे करताना जवळ लोखंड नेता येत नाही, म्हणून पडद्यावरचे आकडे पाहत, लांबच्या नळ्यांनी, सगळं सांभाळायचं.

लोखंडाची गोष्ट निघाली म्हणून. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एक तरुण एमआरआयच्या खोलीत गेला आणि यंत्राने सिलिंडरसकट त्याला ओढून घेतलं. तो गेला. हे चुंबक चोवीस तास चालू असतं, बटण बंद केलं की संपलं असं नसतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की काय? पुढच्या वेळी आठवीला विद्युतचुंबक शिकवताना एवढं वाक्य जरूर सांगा : तारेतून प्रवाह गेला तरच चुंबक, पण उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेल्या तारेला विरोधच उरत नाही, म्हणून तिथला प्रवाह फिरतच राहतो.

मग हा तज्ज्ञ पाहतो काय? एक उदाहरण सांगतो, कारण मला स्वतःला ते फार आवडलं. औषध लागू पडलं तरी गाठ लगेच लहान होत नाही. पण आतल्या पेशी मरायला लागलेल्या असतात. पेशी दाटीवाटीने असतात तेव्हा त्यांच्यामधल्या पाण्याच्या रेणूंना हलायला जागा नसते. आठवडी बाजारात भर दुपारी पोराला चार पावलंही धड टाकता येत नाहीत, आणि संध्याकाळी बाजार उठला की तेच पोर मोकळं पळतं, तसंच. पाणी किती मोकळेपणाने हलतंय हे एमआरआयने मोजता येतं. म्हणून गाठीचा आकार तेवढाच असताना, आत बाजार उठायला लागलाय, हे आधीच कळू शकतं. आजीला औषध लागू पडतंय की नाही हे तीन महिन्यांऐवजी तीन आठवड्यांत कळलं तर घरच्यांना त्याचं मोल काय, हे ज्यांनी एसटीने संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या चकरा मारल्यात त्यांना विचारा. आपल्या तालुक्यात अशी घरं कमी नाहीत.

आता इथे मुद्दा येतो. उंदराचं अंग दोन अंशांनी गार पडलं, तर त्याचं रक्ताभिसरण बदलतं, आणि गाठीत रक्त किती पोचतं याचं मोजमाप चुकतं. आकडा येतोच, पण तो चुकीचा असतो. चित्रही सुंदर दिसू शकतं. त्या दिवशी ताप किती होता हे त्या तंत्रज्ञाने प्रामाणिकपणे लिहिलं असेल तरच पुढचा शास्त्रज्ञ म्हणू शकतो की हे मोजमाप बाजूला ठेवा. आणि नसेल लिहिलं तर? एक बरं न वाटणारं सत्य असं आहे की उंदरावर चाललेली कर्करोगाची बहुतेक औषधं माणसापर्यंत येता येता गळून पडतात. त्याला कारणं अनेक आहेत, उंदीर म्हणजे माणूस नव्हे हे पहिलं. पण घाईत, सोयीने घेतलेली मोजमापं हेही एक आहे. अशा एका आकड्याच्या भरवशावर कुणाच्या तरी आजीच्या शिरेत औषध जाणार असतं.

म्हणून आता प्रयोगवही.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी अकरावीचे प्रात्यक्षिक घेत होतो. साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढायचं. एका मुलाचं उत्तर आलं ९.३. मी त्याला काय सांगितलं? "अरे ९.८ यायला पाहिजे. खोड आणि नीट लिही." त्याने खोडलं. वेळेचे आकडेही मागे जाऊन बदलले, म्हणजे उत्तर जुळेल असे. मी सही केली, गुण दिले. वर्षाअखेरीला त्या खोलीतल्या सगळ्या वह्यांमध्ये ९.८ होतं. परीक्षक खूश, मुख्याध्यापक खूश.

महिनाभराने कपाट आवरताना तो लंबक हातात आला आणि सहज मोजला. त्या मुलाने दोरी पन्नास सेंटिमीटर घेतली होती, पण फक्त हुकापर्यंत. हूक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून अडीच सेंटिमीटर सुटले होते. गणित करून पाहा, बरोबर ९.३ येतं! पोराचं घड्याळ अचूक होतं, मोजणी अचूक होती. चूक एकच होती आणि ती सापडण्याजोगी होती. मी ती शोधायची संधी त्याच्याकडून काढून घेतली आणि बदल्यात त्याला खोटं लिहायला शिकवलं, तेही विज्ञानाच्या तासाला.

हे एकट्या माझ्या शाळेत होतं असं कुणी म्हणू नये. गाईडमधून 'निरीक्षणे' उतरवलेल्या वह्या तुमच्याही कपाटात आहेत. काही ठिकाणी तर प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून एकदाच निघतं. वेळ नाही, साहित्य नाही, साठ-साठ पोरं आहेत, हे सगळं मला मान्य आहे, मीही त्यातच काम करतो. पण दोरी, दगड आणि मोबाईलमधलं घड्याळ याला अनुदान लागत नाही. आणि खोटा आकडा लिहू नको, हे सांगायला तर काहीच लागत नाही.

पालकांशी आता थोडं बोलतो. बारावी विज्ञान म्हणजे नीट, नीट नाही तर पुन्हा नीट, असं आपल्याकडे झालंय. दोन-दोन, तीन-तीन वर्षं मुलं घरात कोंडून घेतात. त्यातली काही मुलं हाताने फार हुशार असतात. मोटार बांधून देतील, स्प्रेयरचा पंप उघडून जोडतील, आजारी शेळीला धरून बसतील. अशा मुलांना डॉक्टर आणि औषध यांच्या मधल्या जगातलं काम शोभून दिसतं. वाटा आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे क्ष-किरण व इमेजिंग तंत्रज्ञानाचे पदवी अभ्यासक्रम आहेत. पॉलिटेक्निकला मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आहे. भौतिकशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. करून मेडिकल फिजिक्सकडे किंवा चुंबकीय अनुस्पंदनाकडे जाता येतं. आपल्या मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि प्रयोगातल्या प्राण्यांची काळजी घ्यायला पशुवैद्य लागतोच. मुंबईत तर समीर ही केंद्र सरकारची संस्था देशी बनावटीचा एमआरआय तयार करण्याच्या कामात आहे. म्हणजे चालवणारेच नव्हे, बनवणारेही लागतील.

पण खोटं स्वप्न विकणार नाही, शिकवणीवाले ते काम करतात. उंदरांच्या एमआरआयच्या जागा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. अनेक नोकऱ्या प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. इंग्रजी वाचायला यावंच लागतं. शोधनिबंधावर नाव कधी मधे कुठेतरी येतं, कधी फक्त आभारात. लग्नाच्या बाजारात 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. दवाखान्यातल्या एमआरआयचं काम मात्र तालुक्यापर्यंत पोचलंय आणि वाढतंय. तिथून सुरुवात करून संशोधनाकडे वळता येतं. उलटंही होतं.

आणि एक प्रश्न, जो एका आईने पालकसभेत मला विचारला. "सर, म्हणजे माझ्या पोरीनं उंदरं मारायची का? आम्ही माळकरी आहोत." प्रश्न टाळण्याजोगा नाही. मी टाळलाही नाही. हो, शेवटी उंदीर मारावे लागतात, गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. आपल्याकडे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. प्रत्येक संस्थेत प्राण्यांसाठीची नीतिसमिती असते आणि तिच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. किती प्राणी, का, वेदना कशी कमी करणार, हे सगळं आधी लेखी द्यावं लागतं. प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरता येईल का, कमी वापरता येतील का, त्रास कमी करता येईल का, हे तीन प्रश्न रसेल आणि बर्च या दोन इंग्रज संशोधकांनी १९५९ साली मांडले, आणि सगळं जग आज तेच विचारतं. एमआरआयचं काम नेमकं दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात बसतं. चाळीसाचे आठ.

माउलींचं समाधान झालं की नाही, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "आठ तरी गेलेच ना." मी म्हणालो, गेले. ज्या मुलीला त्या आठांचं काही वाटणार नाही, तिने या कामाला जाऊ नये असं माझं मत आहे. ज्या मुलीला वाटतं, तीच भुलेतल्या उंदराचा ताप अर्ध्या अंशाने उतरला तरी उठून पाहील. हे मत चुकीचं वाटत असेल तर खुशाल तसं म्हणा, मला वाद घालायला आवडेल.

मागच्या बाकावरच्या त्या पोराची आजी सध्या बरी आहे, दर तीन आठवड्यांनी संभाजीनगरला जाते. त्याने वर्गात आणून एमआरआयची फिल्म खिडकीला धरून सगळ्यांना दाखवली. तिच्यातलं मला फारसं कळत नाही आणि तसं मी मुलांना सांगितलं.

यंदा अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी फळ्यावर ९.८ लिहिलेलंच नाही. नऊ गटांची उत्तरं ९.२ पासून १०.९ पर्यंत आली आहेत, सगळी पेनाने, खाडाखोड न करता. १०.९ वाल्या गटातल्या एका मुलीला शंका आहे की त्यांनी आंदोलनं मोजताना सुरुवात शून्याऐवजी एकपासून केली, म्हणजे वीस म्हणून एकोणीसच मोजली. येत्या सोमवारी त्यांना कपाट उघडून देणार आहे.